झेंडा पडल्याचे पाच सेकंद

मोटार रेसिंगवर कादंबरी लिहायची ही कल्पना माझी नव्हती, माझ्या संपादकबाईंची होती. माझी आधीची दोन पुस्तकं गंभीर होती, त्यामुळे ती गंभीरपणे कपाटात पडून राहिली. बाईंनी मला फोनवर समजावलं की हल्लीच्या मुलींना खेळाडूंच्या प्रेमकथा हव्या असतात, क्रिकेटवर पुष्कळ लिहून झालंय, तुमच्या कोल्हापुरात गाड्यांचं वेड आहे म्हणतात, तर एक रेसर घ्या, एक हट्टी नायिका घ्या आणि शेवट गोड करा. मी लगेच हो म्हणाले. रेसर माझ्या घरातच होता, निदान एके काळी होता. हट्टी बाई शोधायला तर आरशापलीकडे जायची गरज नव्हती.

माझ्या नवऱ्याचं उद्यमनगरात गॅरेज आहे. तो इंजिनं खोलतो, दुरुस्त करतो, परत बंद करतो आणि संध्याकाळी कळंब्याला घरी येऊन न बोलता जेवतो. घरात मी त्याला ‘अहो’ म्हणते. इथं ‘तो’ लिहिते, कारण कागदावर सासूबाई ऐकत नसतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हाच माणूस कागलच्या पुढच्या माळावर मातीच्या ट्रॅकवर गाडी चालवायचा, आणि त्याला बघायला कॉलेजची पोरं लेक्चर बुडवून यायची. मी एम. ए. करत होते. मावसभावाबरोबर एकदा सहज गेले आणि अक्षर चांगलं म्हणून लोकांनी मला वेळ लिहायला बसवलं. दोन सीझन मी तिथं वही घेऊन बसले. घरी मात्र लायब्ररीत जाते म्हणून सांगायची.

त्या शर्यतीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. तिथं सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. एकेक गाडी एकटीच धावते, घड्याळाशी. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, दोन्हींची बेरीज, आणि ज्याची बेरीज कमी तो जिंकला. वळणावळणावर काठीला लावलेले लाल झेंडे असतात. गाडीचा धक्का लागून झेंडा पडला की चालकाच्या वेळेत पाच सेकंद वाढवतात. पण हे पाच सेकंद लगेच कळत नाहीत. गाडी आली की वेळ फळ्यावर खडूनं लिहितात, तो कच्चा आकडा. मग लांबच्या वळणावरचा झेंडेवाला माणूस चालत येऊन सांगतो आणि आकड्याच्या शेजारी वाढीव पाच लिहिले जातात. फळ्याजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं. मलाही पाठ होतं.

आमचं प्रेमही त्या फळ्याजवळच झालं, आणि ते एका शब्दाचं होतं. फेरीला निघण्याआधी तो हेल्मेट काखेत मारून माझ्याकडे यायचा आणि विचारायचा, किती? मी वहीत बघून सांगायची, इतके सेकंद मागे, इतके पुढे. तो मान हलवून जायचा. आकडा सांगायला माझा मावसभाऊ जवळ होता, आणखी चार जण होते, पण तो मलाच विचारायचा. दोन सीझनमध्ये यापलीकडे आम्ही बोललो असू ते अर्ध्या पानात मावेल.

शेवटच्या शर्यतीत तो उलटला. सगळ्यात शेवटी त्याचीच फेरी होती. त्याच्या आधीचा गडी नुकताच येऊन गेला होता आणि बेरजेत तोच सगळ्यांच्या पुढे होता. नवऱ्यानं विचारलं, किती, आणि मी सांगितलं, पहिल्या फेरीपेक्षा दोन सेकंद कमी पाहिजेत. त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, कारण त्या मातीत दोन सेकंद कमी करणं म्हणजे फार झालं. मग तो गेला आणि लांबच्या वळणावर गाडी दोनदा उलटी होऊन उभी राहिली. गळ्याजवळचं हाड मोडलं, मनगट मोडलं. गाडी एका ऊस-वाहतूकवाल्याची होती. तो माणूस पुढच्या वर्षी त्याला दक्षिणेत पक्क्या डांबरी ट्रॅकवर पाठवणार होता. हाडं चार महिन्यांत जुळली आणि तो माणूस तीनदा घरी बोलवायलाही आला. नवरा गेला नाही. त्यानंतर तो शर्यतीच्या गाडीत कधी बसला नाही.

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. माझ्या माहेरी, कोडोलीला, बराच तमाशा झाला, पण तो या लेखाचा विषय नाही.

घरात त्या अपघाताला एकच नाव होतं, मस्ती. सासूबाईच तसं म्हणायच्या. कुणी पाहुणा विषय काढला की त्या म्हणायच्या, मस्ती नडली, दुसरं काय. मीही तेच म्हणायला लागले. माझी जीभ जरा सैल आहे. भांडणात हाताला लागेल ते मी फेकते आणि हे कायम हाताशी असायचं. दूध उतू गेलं तरी मी फिरून मस्तीवर यायची. त्यानं त्या दिवशी मर्यादा ओळखली असती तर आज तो कुठल्या कुठे असता, आधी मस्ती केली आणि मग घाबरून बसला, असं मी त्याला तोंडावर म्हटलेलं आहे, एकदा नव्हे. तो कधी उलटून बोलला नाही. मला वाटायचं, खरं आहे म्हणून बोलत नाही. आणि मी स्वतःला फार मोठ्या मनाची समजायची, की एवढा उद्दाम माणूस मी माफ करून पदरात घेतला.

कादंबरीचा सांगाडा हाच होता. उद्दाम हिरो, उलटलेली गाडी, माफ करणारी नायिका. फक्त माझा हिरो पुन्हा गाडीत बसतो आणि जिंकतो, कारण बाईंना गोड शेवट हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही हवा होता.

दोनशे पानं झाल्यावर मी प्रिंट काढून नवऱ्याला दिली. म्हटलं, गाड्यांच्या चुका तेवढ्या बघा. तो पेपरातल्या खेळाच्या पानापलीकडे काही वाचत नाही, पण त्यानं ती गॅरेजवर नेली आणि दुपारच्या डब्यानंतर रोज दहा पानं वाचायला लागला. संध्याकाळी पानं घरी यायची. कडेला ग्रीसचे अंगठे असायचे आणि पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. ‘मातीत पाचवा गिअर? दुसराच.’ ‘केसांना पेट्रोलचा वास येत न्हाय, जळक्या क्लचचा येतो.’ एका प्रकरणात माझी नायिका धावत जाऊन हिरोला मिठी मारते आणि तो हेल्मेट भिरकावून तिचं चुंबन घेतो. तिथं लिहिलं होतं, ‘हेल्मेट असं निघत न्हाय. आधी पट्टा. वेळ लागतो.’ मी त्या प्रकरणात जे जे लिहिलं होतं, आमच्या दोघांचं म्हणून लिहिलं होतं, त्याबद्दल एक अक्षर नाही. मी रात्रंदिवस खपून या माणसावर प्रेमकथा लिहीत होते आणि तो तिचं सर्व्हिसिंग करत होता.

मला कळेना की याला हे वाचून काही होतंय की नाही. मी जेवताना त्याच्या तोंडाकडे बघायची. तो भाकरी मोडायचा. एकदा न राहवून विचारलं, हिरो कसा वाटला? तो म्हणाला, क्लच लई दाबतो.

मग अपघाताचं प्रकरण आलं. ते मी जीव ओतून लिहिलं होतं. शर्यतीचा शेवट आहे, हिरोच्या आधीचा गडी धावतोय, धूळ उडालीय. नायिका वही घेऊन बसलीय. लांबच्या वळणावर त्या गड्याच्या गाडीच्या मागच्या बाजूनं लाल झेंडा आडवा होतो, मातीत पडतो. ती बघते, आणि त्याच क्षणी हिरो शेजारी येऊन तिच्या हातात गुलाब देतो. प्रत्यक्षात गुलाब नव्हता. शेंगदाण्याची चिक्की होती, अर्धी. त्यानं खाता खाता अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली होती आणि दोन सीझनमध्ये त्याचं बोट माझ्या तळव्याला पहिल्यांदा लागलं होतं. बाकी सगळं मी आठवणीतून उतरवलं होतं. पडलेला झेंडा मला इतकी वर्षं लख्ख आठवत होता. लाल कापड, पिवळी माती. मला ते चित्र सुंदर वाटायचं म्हणून घातलं, इतकंच.

पान घरी आलं. गुलाबापाशी लिहिलं होतं, ‘माळावर गुलाब कुठनं आणला?’ मी हसले. त्याच्या खाली लिहिलं होतं, ‘झेंडा पडलाय ना? मग पाच सेकंद धर. ते धरले तर हिरो पहिल्यापेक्षा तीन सेकंद हळू गेला तरी जिंकतो. त्याला जोरात जायची गरजच न्हाय. सीन बसत न्हाय.’

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भलत्याच कारणानं राग आला. म्हटलं, हा आता माझा सीन मोडणार. मग वही घेऊन गणित करायला बसले, कारण मला त्याला खोटं पाडायचं होतं. दोन कमी पाहिजेत, त्यात पाच मिळाले, तीन उरले. पुन्हा केलं. तीनच उरले. मग माझ्या लक्षात आलं की आकडे कादंबरीतले नाहीत. ते आकडे मी त्या दिवसाचे जसेच्या तसे उतरवले होते.

झेंडेवाला चालत येईपर्यंत थांबायला हवं होतं. नवरा निघायच्या घाईत होता, मी फळ्यावरचा कच्चा आकडा वाचला, आणि झेंडा पडलेला डोळ्यांनी बघूनही हातात चिक्की घेऊन त्याला कच्चाच सांगितला. तो उलटल्यावर सगळे तिकडे पळाले. फळ्याकडे कोण बघतंय. त्याची फेरी पुरी झाली नाही म्हणून दुसरा गडी पाच सेकंद धरूनही जिंकला आणि विषय संपला.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते मला धड सांगता येणार नाही. आमटीत दोनदा मीठ पडलं. बाईंचा फोन आला, मी उचलला नाही. मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते त्या पेन्सिलीच्या अक्षरानं. क्लचबद्दलचं अक्षर आणि हे अक्षर अगदी एकसारखं होतं. कुठं दाबलेलं नाही, कुठं खोडलेलं नाही. मग हा कादंबरीतली चूक दाखवत होता, की मला काही सांगत होता? त्याला आज वाचताना कळलं, की आधीपासून माहीत होतं? आज कळलं असेल तर तो इतका शांत कसा, आणि आधीपासून माहीत असेल तर मी कुणाच्या घरात राहतेय? मी त्याचं तोंड बघायची. तो भाकरी मोडायचा.

पाचव्या दिवशी दुपारी मी पान पर्समध्ये घालून गॅरेजवर गेले. मी तिकडे सहसा जात नाही. तो कपड्याच्या पावडरीनं हात धूत होता, डब्याची वेळ होती. मी पान पुढं धरलं आणि विचारलं, हे पुस्तकातलं लिहिलंय की आपलं?

“पुस्तकातलंच की,” तो म्हणाला. “झेंडा तूच पाडलास.”

“तुम्हाला माहीत होतं?”

त्यानं बोटांच्या बेचक्यांतून पावडर फिरवली, नखं घासली, पाणी घेतलं. एवढे स्वच्छ हात त्यानं लग्नातही धुतले नसतील. मग म्हणाला, “दुसऱ्या दिवशीच कळलं. त्यो झेंडेवाला आलता दवाखान्यात, केळी घिऊन. त्याला वाटलं, मला म्हायती असंल.”

मी विचारलं की मग मला का नाही सांगितलं. तो म्हणाला, सांगून हाड लवकर जुळणार होतं का. मी म्हटलं, इतकी वर्षं मी मस्ती मस्ती म्हणून तोंड सुटल्यासारखी बोलत होते, तेव्हा तरी सांगायचं. तो म्हणाला, तू रागात असायचीस, रागातल्या माणसाला काय सांगायचं. प्रत्येक उत्तर बरोबर होतं आणि एकाही उत्तरानं माझं समाधान होत नव्हतं. शेवटी मी जे विचारायला आले होते ते विचारलं, की गाडी का सोडली, भीती वाटली का.

“भीती कसली. पण परत चालवायची म्हणजे किती झालं ते कुणाला तरी विचारायला लागलं असतं. तुला विचारलं असतं तर खरं धरवलं नसतं. दुसऱ्याला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मला का न्हाय. मग म्हटलं राहू दे.”

आणि त्यानं डबा उघडला.

मला त्या वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि शेजारचा पाना उचलून त्याच्या डोक्यात घालावासाही वाटला. दोन्ही तितकंच खरं होतं. कुणी सांगितलं होतं याला माझ्यासाठी एवढं सोडायला? मी मागितलं होतं का? माझी चूक होती तर ती माझी होती, तिच्यावर रडायचा हक्क माझा होता. त्यानं तो परस्पर ठेवून घेतला आणि मला इतकी वर्षं मोठ्या मनाची बायको म्हणून मिरवू दिलं. मी त्याला एवढंच म्हटलं की तुम्ही फार वाईट केलंत. तो म्हणाला, व्हय, आणि मला अर्धी भाकरी दिली. मी ती उभ्यानं खाल्ली. भूक लागली होती.

घरी आल्यावर मी ठरवलं की निदान एक गोष्ट नीट करायची. सासूबाईंना सांगायचं. त्यांचा मुलगा मस्तीनं उलटला असं त्या जन्मभर लोकांना सांगत आल्या, ते त्यांनी आता तरी थांबवावं. रविवारी मटण केलं होतं. तिघंच जेवायला होतो. पहिली भाकरी संपता संपता मी बोलायला सुरुवात केली. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पण मी थांबले नाही. फळा, झेंडा, पाच सेकंद, सगळं सांगितलं. चिक्कीपण सांगितली. चूक माझी होती, यांची नव्हती, असं म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

सासूबाईंनी हाडूक ताटाच्या कडेला ठेवलं. “मला म्हायती हाय,” त्या म्हणाल्या. “त्यो केळीवाला आला तवा मी खाटंच्या पायथ्याशी बसलेली की.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात बघत होता.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. झेंडेवाला गेल्यावर हा अंथरुणातून त्यांना म्हणाला होता की मला तिच्याशी लगीन करायचंय, तिच्या कानावर हे जाता कामा नये. म्हणजे माझं लग्न त्या खाटेजवळ ठरलं होतं, दोन वर्षं आधी. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी मात्र समजत होते की माहेरशी भांडून मी त्याला पसंत केलं. लोक विचारायला लागल्यावर सासूबाईंना काहीतरी सांगणं भाग होतं. त्यांनी ‘मस्ती’ शोधून काढलं. तेवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही, असं त्या म्हणाल्या.

त्याची एक शर्यत मी घालवली आणि बाकीच्या त्यानं सोडल्या, हे दुसऱ्या कुणाच्या आईला माहीत असतं तर तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. मला ते विचारायची हिंमत होत नव्हती, पण न विचारता राहवतही नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला माझा राग नाही आला?

“आला की,” त्या म्हणाल्या. “आल्या आल्या दोन वर्सं मी तुझ्या हातचं खाल्लं न्हाई.”

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं त्यांनी मला गॅसजवळ उभं राहू दिलं नव्हतं. तू तुझं शिक, तू तुझं लिही, स्वयंपाकाचं मी बघते, असं म्हणायच्या. माझं पहिलं पुस्तक मी त्या दोन वर्षांत लिहिलं. अशी सासू कुणाला मिळत नाही, असं मी माहेरी प्रत्येक फेरीत सांगायची आणि माझ्या बहिणी माझा हेवा करायच्या.

तिसऱ्या वर्षी कधीतरी एका सकाळी त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, आज भाकरी तू कर, मी खाते. त्या दिवशी काय झालं होतं, मी काय केलं होतं किंवा काय बोलले होते, ते मी त्या रविवारपासून आठवतेय. मला काहीच आठवत नाही. आणि त्यांना विचारलं, तर त्या म्हणतात, रस्सा घे, गार व्हायला लागलाय.